अ‍ॅपवरची कर्जे थकली असताना आधी कोणाचे पैसे द्यावेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही ठाण्याजवळ दिव्याला राहता, नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत पॅकिंग विभागात काम करता आणि हाती २४,५०० रुपये पगार येतो. वडिलांच्या आजारपणात एका अ‍ॅपवरून कर्ज घेतले, ते फेडण्यासाठी दुसऱ्यावरून घेतले, आणि आता सात ठिकाणची देणी झाली आहेत. तीन नोंदणीकृत कंपन्यांचे मिळून ९६,००० रुपये बाकी आहेत आणि त्यांचे एकत्रित हप्ते दरमहा ११,८०० रुपयांचे आहेत. उरलेले चार अ‍ॅपवाले ३८,००० रुपये मागत आहेत. त्यांनी तुमच्या मेहुण्याला आणि सुपरवायझरला संदेश पाठवले असून ‘संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर पोलीस घरी येतील’ असे ते सांगतात. ओळखीतले एक गृहस्थ दरमहा १० टक्के व्याजाने ८०,००० रुपये द्यायला तयार आहेत. ते घेऊन चारही अ‍ॅप मिटवावेत का, अटक होऊ शकते का, आणि सिमकार्ड बदलून टाकावे का, असे तुम्ही विचारले आहे.

ठाण्यातील नोकरदारांच्या एका सहकारी पतसंस्थेत कर्ज आणि वसुली या दोन्ही विभागांचे काम मी बरीच वर्षे पाहते आहे. म्हणजे मी बसते ती खुर्ची वसुली करणाऱ्याची आहे. मी वकील नाही, त्यामुळे न्यायालयाचा कागद हाती पडला तर वकिलाकडेच जावे लागेल. पण कर्जदार अडचणीत आला की वसुली करणारा कशाचा विचार करतो, कोणती धमकी पोकळ असते आणि कोणता कागद खरा असतो, एवढे या कामाने शिकवले आहे.

तुमची खरी अडचण पैसे कमी असण्याइतकीच पैसे कोणाला आधी द्यायचे हे तुम्ही ठरवत नसण्याची आहे. ते सध्या तुमचा फोन ठरवतो. जो सकाळी सात वाजता शिव्या देतो त्याला पैसे जातात, आणि जी कंपनी दर महिन्याला नीट मराठीत स्मरणपत्र पाठवते तिचा हप्ता चुकतो. माझ्या पाहण्यात हे जवळजवळ नेहमी उलटे असायला हवे असते. ज्याच्याकडे करारनामा आहे, नोंदणी आहे आणि न्यायालयात जाण्याची वाट आहे, त्याला आरडाओरडा करण्याची गरज फारशी पडत नाही. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही त्याच्याजवळ भीती एवढे एकच साधन उरते, म्हणून तो ती सर्वांत जास्त वापरतो.

त्यामुळे पहिले काम सावकार वेगवेगळे करण्याचे आहे. एक संध्याकाळ काढून बँकेचे गेल्या वर्षभराचे खाते-उतारे समोर घ्या आणि प्रत्येक कर्जाची रक्कम कोणाच्या नावाने जमा झाली ते पाहा. डिजिटल कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि ८ मे २०२५ च्या निर्देशांत ती एकत्र केली. त्यांनुसार कर्जाची रक्कम बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते आणि परतफेडही थेट तिच्याच खात्यात जावी लागते; मधल्या अ‍ॅपवाल्याच्या खात्यातून हा पैसा फिरवता येत नाही. शिवाय कर्ज देण्यापूर्वी महत्त्वाच्या अटींचे एक पत्रक द्यावे लागते, ज्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर किती पडतो, तक्रार निवारण अधिकारी कोण, हे लिहिलेले असते. ज्या चौघांचे पैसे दर वेळी वेगळ्याच व्यक्तीच्या नावाने आले आणि जे परतफेडीसाठी दर वेळी नवा यूपीआय आयडी देतात, त्यांची गणना कोणत्या बाजूला होते हे उताऱ्यावरूनच कळेल.

दुसरी खूण क्रेडिट रिपोर्टची. देशात चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. नोंदणीकृत संस्थांची कर्जे त्यात दिसतात. बेकायदा अ‍ॅपची दिसत नाहीत, कारण त्यांना तेथे माहिती पाठवण्याची सोयच नसते. त्यामुळे ‘सिबिल खराब करू’ ही त्यांची धमकी निरर्थक आहे. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थांशी जोडलेल्या कर्ज-अ‍ॅपची यादीही आहे. मात्र ती त्या त्या संस्थांनी स्वतः भरलेल्या माहितीवर चालते, आणि मिळतीजुळती नावे घेऊन फिरणारे अ‍ॅप कमी नाहीत. म्हणून यादीत नाव दिसले की लगेच निर्धास्त होऊ नये. अ‍ॅपमागची कंपनी कोणती हे पाहून तिच्या अधिकृत ईमेलवर विचारणा करावी. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांतच सुमारे १,१०० कर्ज-अ‍ॅपपैकी ६०० बेकायदा आढळले होते, यावरून या बाजाराची कल्पना येईल.

आता हिशेब. तुम्ही दिलेल्या आकड्यांप्रमाणे चार अ‍ॅपकडून प्रत्यक्षात हाती १७,६०० रुपये आले, आजवर २६,००० रुपये परत गेले, आणि तरीही ३८,००० रुपये मागितले जात आहेत. हे कसे होते ते पाहा. ५,००० रुपयांचे कर्ज मंजूर होते, ‘प्रक्रिया शुल्क’ कापून ३,००० हाती येतात आणि सातव्या दिवशी ५,००० द्यायचे असतात. ३,००० रुपयांवर आठवड्याला २,००० रुपये म्हणजे सरळ व्याजाने वर्षाला ३,४०० टक्क्यांहून अधिक दर झाला. त्यातही सातव्या दिवशी पैसे नसले की २,००० रुपये घेऊन आठवडाभराची मुदतवाढ मिळते, पण ५,००० तसेच उभे राहतात. मुदतवाढीच्या नावाने कितीही भरले तरी मुद्दलातून एक रुपया कमी होत नाही. म्हणून या चौघांच्या बाबतीत तुमचे काय देणे लागते हे त्यांच्या स्क्रीनवरचा आकडा पाहून ठरवू नका.

या चौघांना पुढे काही द्यावे का, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे आणि ते सर्वांना पटेलच असे नाही. हाती आलेल्या रकमेपेक्षा जास्त परत गेलेली असेल तर एक रुपयाही देऊ नये. ज्याची नोंदणी सापडत नाही, ज्याचा पत्ता नाही, जो ना-देय पत्र (आता काही बाकी नाही असे लिहून दिलेले पत्र) देऊ शकत नाही, त्याला पैसे देऊन कर्ज संपत नाही; ‘हा घाबरला की देतो’ एवढीच नोंद त्यांच्याकडे होते आणि दोन दिवसांनी दुसऱ्या नावाने फोन सुरू होतात. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत परत गेलेली रक्कम हाती आलेल्या रकमेपेक्षा कमी असेल, तर मी फरकाची रक्कम वेगळी ठेवायला सांगते आणि समोरचा आपली ओळख, नोंदणी व कंपनीच्या नावाचे बँक खाते लेखी देईपर्यंत ती न देण्याचा सल्ला देते. असे लेखी देणारे मला अजून भेटलेले नाहीत. तुम्ही न मागता खात्यात पैसे जमा होण्याचा प्रकारही यात असतो. तसे झाले तर ते खर्च न करता त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा.

ओळखीतल्या गृहस्थांच्या ८०,००० रुपयांचे उत्तर सोपे आहे. दरमहा १० टक्के म्हणजे महिन्याला ८,००० रुपये निव्वळ व्याज. तुम्ही दिलेला खर्च मी जोडून पाहिला: भाडे ६,०००, किराणा-गॅस-वीज मिळून ८,०००, वडिलांची औषधे २,४००, मुलीची फी १,२०० आणि रेल्वेचा पास व फोन धरून ९००, म्हणजे १८,५००. उरतात ६,०००. जे व्याजच उरलेल्या पैशांतून भागत नाही त्याचे मुद्दल कधी फिटणार? त्याशिवाय महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के, म्हणजे तुमच्या रकमेवर महिन्याला १,२०० रुपयेच घेता येतात, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नाही. परवाना आहे की नाही हे सहकार खात्याच्या तालुका किंवा जिल्हा निबंधक कार्यालयात विचारता येते. अशा ठिकाणी बहुधा सही केलेले कोरे धनादेश मागितले जातात. तुमची आजची देणी मुळात दिवाणी स्वरूपाची आहेत. कोरा धनादेश दिलात की त्यात फौजदारी खटल्याची शक्यता तुम्ही स्वतःच्या हाताने मिसळता.

(मुद्दलापेक्षा जास्त व्याज नाही, हा नियम तीन कंपन्यांना लावता येईल का असे काही जण विचारतात. येत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२२ चा निर्णय आहे. त्यांच्या दंडावर मात्र बंधन आहे: एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर दंडव्याज लावता येत नाही, वाजवी दंडशुल्क लावता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. खात्याचा तपशीलवार उतारा मागवून हे तपासा.)

अटकेच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘मुळीच होत नाही’ एवढेच दिले जाते. ते अपुरे आहे. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही, त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत, आणि फोनवर स्वतःला पोलीस किंवा न्यायालयाचा कर्मचारी म्हणवून पैसे मागणारा मनुष्य फसवणूक करत असतो. कर्ज घेताना खोटी कागदपत्रे दिली असतील तर गोष्ट वेगळी; तुमचे तसे नाही असे मी धरून चालते. पण तीन कंपन्यांच्या बाबतीत एक बाजू समजून घ्या. तुम्ही कर्ज घेताना खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची जी संमती दिलीत, तो हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली तक्रार होऊ शकते. त्याचे स्वरूप धनादेश न वटण्याच्या कलम १३८ सारखेच आहे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत कंपनीने लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची संधी असते, आणि त्यानंतरच दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार जाते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी लिहिलेली आहे. प्रत्यक्षात लहान रकमांच्या प्रकरणांत बऱ्याच वेळा तडजोडीकडेच कल असतो, पण समन्स दुर्लक्षित करून तारखांना गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते. म्हणून खऱ्या नोटिशीला उत्तर द्यायचे असते.

खरी नोटीस ओळखायची कशी? व्हॉट्सअ‍ॅपवर लाल शिक्क्यांची, अशोकस्तंभ छापलेली आणि ‘२४ तासांत अटक’ असे लिहिलेली चित्रे येतात. ती बाजूला ठेवा, पण पुरावा म्हणून जपा. न्यायालयाचे प्रकरण दाखल झाले असेल तर त्याला प्रकरण क्रमांक असतो आणि ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अ‍ॅपवर तो क्रमांक किंवा पक्षकाराचे नाव टाकून तपासता येते. वकिलाच्या नोटिशीत कर्जखाते क्रमांक, रक्कम आणि कंपनीचे नाव नीट असते. अलीकडे दूरच्या शहरातून लवादाच्या, म्हणजे न्यायालयाबाहेर वाद मिटवणाऱ्या पंचाच्या, नोटिसाही येतात. कंपनीने एकतर्फी नेमलेला लवाद चालत नाही ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे, परंतु ती हरकत तुम्हाला लेखी घ्यावी लागते, गप्प राहून चालत नाही. त्यासाठी वकील परवडत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांना आणि वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा कमी असणाऱ्यांना तेथे मोफत वकील मिळतो. तुम्ही त्यात बसण्याची शक्यता चांगली आहे. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

पगारावर जप्ती येईल ही भीतीही तुम्ही लिहिली आहे. ती थेट येत नाही. आधी दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, आणि त्यानंतरही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: पगार जमा होतो त्याच बँकेचे तुमचे कर्ज असेल, तर ती बँक खात्यातील शिल्लक परस्पर वळती करू शकते. तुमच्या तिन्ही कंपन्या बिगरबँक आहेत, त्यामुळे हा प्रश्न तुमच्यापुरता येत नाही.

या तीन कंपन्यांकडेच सारे लक्ष द्या. दरमहा उरणाऱ्या ६,००० मधून १,००० रुपये अडीअडचणीसाठी ठेवा, नाहीतर मुलीला ताप आला की पुन्हा अ‍ॅप उघडले जाईल. उरलेले ५,००० तिघांत बाकीच्या प्रमाणात वाटा. ४८,००० बाकी असलेल्या कंपनीला २,५००, ३०,००० वाल्या कंपनीला १,५६० आणि १८,००० वाल्या कंपनीला ९४० असे ते पडतात. सर्वांत लहान कर्ज आधी मिटवावे असे काही सल्लागार सांगतात, आणि ज्याचे पैसे पुरेसे आहेत त्याला ते सोयीचेही पडते. पण जेव्हा कोणाचाच पूर्ण हप्ता देता येत नाही, तेव्हा प्रमाणशीर वाटणीचा प्रस्ताव कागदावर सर्वांत भक्कम ठरतो. तुम्ही एकाला झुकते माप दिले असे कोणालाच म्हणता येत नाही. हप्त्याच्या तारखेनंतर नव्हे, तारखेच्या आधी प्रत्येक कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यात पगार, ठरलेले खर्च, एकूण देणी आणि परवडणारी रक्कम लिहा, पगारपत्रक जोडा, आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची व खात्यातून वळतीची तारीख व रक्कम बदलण्याची विनंती करा. सहानुभूतीची भाषा फार लागत नाही. माझ्या टेबलावर असे पत्र आले की मी पहिल्यांदा आकडे जुळतात का ते पाहते, आणि जुळत असतील तर त्या माणसाची फाइल ‘टाळाटाळ’ या गठ्ठ्यातून बाहेर येते.

कंपनी मान्य करेल का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. खाते किती दिवस थकलेले आहे, आधी हप्ते नियमित होते का, त्यांचे अंतर्गत धोरण काय, यावर ते ठरते, आणि हप्ता कमी करून देण्याची कायदेशीर सक्ती त्यांच्यावर नाही. एकीने मान्य केले आणि दोघींनी नाकारले, तर मान्य करणारीचा हप्ता चुकवू नका. नकार आला तरी प्रस्तावाएवढी रक्कम कंपनीच्या करारातील खात्यातच भरत राहा आणि पावती जपा. खात्यातील वळतीची संमती परस्पर रद्द करण्याची घाई या तिघांच्या बाबतीत करू नका. धनादेशाच्या प्रकरणांत ‘पेमेंट थांबवले’ हे कारण न्यायालयांनी बचाव म्हणून सहज मानलेले नाही, आणि लेखी न कळवता केलेली रद्दबातल कृती हेतूबद्दल शंका निर्माण करते. बेकायदा चौघांच्या बाबतीत मात्र यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपे आजच बंद करा.

खाते ९० दिवसांहून अधिक थकले की ते अनुत्पादित (वसुली संशयास्पद झालेले) धरले जाते, आणि त्यानंतर बऱ्याचदा एकरकमी तडजोडीचा फोन येतो. मार्चअखेरीस हे फोन वाढतात, कारण आम्हा सर्वांनाच ३१ मार्चचा ताळेबंद दाखवायचा असतो. तडजोड वाईट नाही. दिवाळीचा बोनस त्यासाठी वापरण्यासारखा आहे. फक्त तीन गोष्टी पाहा. कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून आलेले, रक्कम व अंतिम तारीख लिहिलेले पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नका. वसुली प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यात किंवा रोखीने देऊ नका. आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ (कमी रकमेवर मिटवलेले) आणि ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद झालेले) यांत मोठा फरक आहे हे जाणून घ्या, कारण ‘सेटल्ड’ असा शेरा पाहून पुढची कोणतीही संस्था, आमचीही, हात आखडता घेते. येत्या काही वर्षांत घरकर्ज काढायचे नसेल तर हा तोटा सोसण्यासारखा आहे, असे मी तुमच्या बाबतीत म्हणेन.

छळाबद्दल आता सांगते. नोंदणीकृत कंपनीच्या वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, कर्जदाराचा जाहीर अपमान करू नये, त्याच्या घरच्यांना, मित्रांना किंवा रेफरन्स म्हणून दिलेल्यांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले आहे. प्रतिनिधी घरी आला तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा. तो परवानगीशिवाय आत येऊ शकत नाही आणि विनातारण कर्जासाठी घरातली वस्तू उचलू शकत नाही. रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. तुमच्या मेहुण्यावर या कर्जाची कोणतीही जबाबदारी येत नाही, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. कंपनीकडे केलेल्या तक्रारीचे ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकपाल तुमचे कर्ज कमी करून देणार नाहीत, पण वसुलीच्या वागणुकीची दखल घेतात, आणि ती तक्रार नोंदली गेली की कंपनीचा सूर बराच बदलतो.

बेकायदा अ‍ॅपबाबत हा मार्ग निरुपयोगी आहे, कारण तेथे उत्तर द्यायला कोणी कंपनीच नसते. तेथे पोलिसांकडेच जावे. धमकी देऊन पैसे उकळणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली येते, धाकदपटशा कलम ३५१ खाली, आणि छायाचित्रात फेरफार करून अश्लील चित्र पसरवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली. आधी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा किंवा १९३० वर फोन करा, आणि पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा. तुम्ही राहता ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आणि काम करता नवी मुंबई आयुक्तालयाच्या. त्यावरून ‘तिकडे जा’ असे उत्तर मिळाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे नम्रपणे सांगा. अर्ज एका पानाचा, तारीखवार आणि यूपीआय आयडी व फोन क्रमांकांच्या यादीसह असावा. नोंदणी नसलेल्या सावकारांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही करता येते.

पोर्टलवर तक्रार भरली की पोलीस ठाण्यात जाण्याआधी मात्र सुपरवायझरशी बोला. ज्यांची बेअब्रूची धमकी चालते त्यांची ती लोकांना काही माहीत नसते म्हणून चालते. ‘माझा फोन वापरून काही लोक खोटे संदेश व चित्रे पाठवत आहेत, मी सायबर तक्रार केली आहे, कृपया उत्तर देऊ नका आणि स्क्रीनशॉट मला पाठवा’ एवढा संदेश फोनमधल्या सगळ्यांना एकदा पाठवला की त्या धमकीतली बरीचशी ताकद निघून जाते, आणि पुरावेही जमतात. घरी पत्नीला पूर्ण रक्कम सांगा. अर्धी सांगितली तर उरलेली त्या अ‍ॅपवाल्यांकडून कळेल. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ‘काही सुचेनासे झाले आहे’ असे लिहिले आहे. हे विचार रात्री जड होत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसाच्या कोणत्याही वेळी मराठीतून मोफत बोलता येते. कृपया बोला.

तुमच्या कारखान्यात कामगारांची पतसंस्था आहे का याचीही चौकशी करा. असेल तर ९६,००० रुपयांचे एकच कर्ज कमी दराने आणि लांब मुदतीने, पगारातून कपात करून, मिळू शकते, आणि वर सांगितलेली सगळी पत्रापत्री बरीच सोपी होते. पण तिला दोन जामीनदार लागतील, आणि त्यांना सातही कर्जांची यादी दाखवूनच सही मागा. चार अ‍ॅपचे पैसे भागवण्यासाठी ते कर्ज काढू नका. आमच्याकडे असा अर्ज आला तर मी तो परत पाठवते.

राहिला सिमकार्डचा प्रश्न. ते बदलू नका. बँकेचे ओटीपी, कंपन्यांची पत्रे आणि न्यायालयाचे संदेशही त्याच क्रमांकावर येतात, आणि क्रमांक बंद झाला की नोंदणीकृत कंपनी तुम्हाला फरार समजू लागते. बेकायदा अ‍ॅपना तुमची संपर्कयादी आधीच मिळालेली असल्याने क्रमांक बदलून मेहुण्याचे फोन थांबणारही नाहीत. त्याऐवजी अ‍ॅपमधले कर्जाचे तपशील, संदेश आणि कॉलची नोंद यांचे स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची संपर्क, फोटो आणि ठिकाण पाहण्याची परवानगी काढा, आणि मगच अ‍ॅप काढून टाका. घरच्यांसाठी व कामासाठी दुसरे सिम घ्या आणि तो क्रमांक कोणत्याही कर्ज-अर्जात देऊ नका. जुन्या क्रमांकावर अनोळखी कॉल आपोआप शांत राहतील अशी सोय करून दिवसातून एकदाच तपासा. धमकीचे क्रमांक संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षू’मध्ये नोंदवा. तिन्ही कंपन्यांची ना-देय पत्रे हाती येऊन क्रेडिट रिपोर्टमध्ये ती खाती बंद दिसेपर्यंत हे जुने सिम रिचार्ज करून सुरूच ठेवा.